ब्रेक ऑइल गळतंय, नुसतं सील किट टाकून भागेल का?

प्रश्न : माझी जुनी सेडान आहे, चारही चाकांना डिस्क. मागच्या डाव्या चाकाला आतून ओलं दिसतंय आणि ब्रेक ऑइलची लेव्हल पण खाली गेलीय. गॅरेजवाले म्हणतात पूर्ण कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदला, पण दुकानात सील किट, म्हणजे कॅलिपरमधल्या रबरी सीलांचा संच, खूपच स्वस्तात मिळतंय. घरी टाकता येईल का?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : येईल, पण तोवर गाडी उभीच ठेवा, यवतेश्वरच्या घाटात तर अजिबात नेऊ नका.

किट आणायच्या आधी गळतंय नेमकं कुठून ते बघा. चाक काढा, कॅलिपर कोरडा पुसा आणि घरातल्या कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या रबरी बुटातून (धूळ अडवणाऱ्या आवरणातून) ओल आली तर सील गेलंय, ते किटमध्ये मिळतं. पाइपच्या जॉइंटला असेल तर कधीकधी तांब्याचे वॉशर बदलूनच काम होतं. पण बऱ्याच गाड्यांना मागचा हॅन्डब्रेक कॅलिपरमध्येच असतो, आणि ओल त्या लिव्हरच्या मुळाशी असली तर गॅरेजवाल्याचं ऐका, कारण तिथलं सील साध्या किटमध्ये सहसा येतच नाही.

असला हॅन्डब्रेकवाला पिस्टन बहुतेक गाड्यांत आट्यांवर असतो, म्हणजे फिरवत बाहेर काढायचा आणि बसवताना दाबत दाबत फिरवत आत न्यायचा, त्याचं वेगळं टूल मिळतं. सी-क्लॅम्पने नुसता रेटलात तर आतली यंत्रणा मोडते आणि मग कॅलिपर घ्यावाच लागतो. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पिस्टन हातात आला की त्यावर नख फिरवा. सील जिथे घासतं तिथे गंजाचे खड्डे लागले तर पिस्टनही नवीनच टाका, नाहीतर नवं सीलसुद्धा गळणार. एमरी पेपरने घासून चकचकीत करणारे महाभाग असतात, पण वरचा मुलामा गेला की गंज आणखी जोरात धरतो. सिलिंडरमधली सीलची खाच पण नीट साफ करा. पेडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढायचं काम ते सीलच करतं, त्यामुळे खाचेत गंज राहिला की ब्रेक धरून राहतो आणि चाक तापतं.

धुवायला पेट्रोल, रॉकेल काही नको, रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल नाहीतर ब्रेक क्लीनर घ्या आणि सील पण ब्रेक ऑइल लावूनच बसवा. ऑइलने भिजलेले पॅड वाळवून परत लावू नका, दोन्ही बाजूंचे नवीन टाका. शेवटी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून पेडल कडक झालं की मगच हॅन्डब्रेकची केबल ॲडजस्ट करा.

प्रश्न : डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल लागणाऱ्या गाडीत डॉट ४ चालतं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : चालतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, म्हणजे घाटउतारावर बरंच. फक्त डॉट ५ मिसळू नका, ते सिलिकॉनचं असतं. आणि डॉट ३ असो की डॉट ४, ऑइल हवेतली ओल ओढतंच, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला, कपाटातली उघडी बाटली तर वापरूच नका.