गिऱ्हाइकाचा नंबर, दुकानाचा क्यूआर : वाचकांचे प्रश्न

दुकान, दवाखाना किंवा घरगुती धंद्यात यंत्रणा बसवताना गिऱ्हाइकाचा विश्वास कसा टिकवायचा, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत.

गिऱ्हाईक म्हणते पैसे गेले, आमच्याकडे आलेले दिसत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत यावरून वाद होतात. काय करावे?
*– किराणा दुकानदार, कराड*

अशा वेळी बहुधा दोघेही खरे बोलत असतात. यूपीआयने पैसे देताना गिऱ्हाइकाची बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची मधली यंत्रणा आणि तुमची बँक या तिघांमध्ये निरोपांची देवाणघेवाण होते. पहिल्या बँकेने रक्कम वजा केली आणि पुढचा निरोप वाटेत अडकला, की गिऱ्हाइकाला वजावटीचा एसएमएस येतो, तुमच्याकडे मात्र काहीच येत नाही.

सर्वांत आधी गिऱ्हाइकाच्या अॅपमध्ये व्यवहाराची स्थिती पाहा. ‘पेंडिंग’ असेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे द्यायला लावू नका. पहिली रक्कमही मागून आली, तर दुप्पट पैसे घेतल्याचा डाग तुमच्यावर लागतो. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो गिऱ्हाइकाला काढू द्या. ओळखीचे गिऱ्हाईक असेल तर माल देऊन टाका, अनोळखी असेल तर माल बाजूला काढून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, रक्कम वजा झाली पण दुकानदाराकडे खात्री पोहोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने गिऱ्हाइकाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे दोन ओळींत लिहून गल्ल्याजवळ लावा. नियम डोळ्यांसमोर असला की आवाज चढत नाही.

स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. हुबेहूब ‘पैसे गेले’ असा पडदा दाखवणारी बनावट अॅप्स फिरत असतात. साउंडबॉक्सची (पैसे आले की मोठ्याने बोलणाऱ्या डबीची) घोषणा किंवा तुमच्या अॅपमधली नोंद, एवढेच प्रमाण. आणि हा नियम सगळ्यांना सारखा लावा. एकालाच अडवले की तो अपमान ठरतो.

साउंडबॉक्स उशिरा बोलतो तो बहुतेक वेळा रेंजमुळे. त्यात स्वतःचे सिम असते आणि आपण तो लोखंडी मांडणीच्या आत, फ्रीजच्या मागे ठेवतो. दाराच्या बाजूला, उघड्या जागी ठेवून पाहा.

क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारे नाव आणि पाटीवरचे नाव वेगळे असेल, तर गिऱ्हाईक थबकते, आणि त्याने थबकावेच. क्यूआरखाली ठळक लिहा : ‘स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल. दुसरे दिसल्यास पैसे देऊ नका, आम्हाला सांगा.’ रात्रीतून वर दुसरा क्यूआर चिकटवून जाण्याचे प्रकार घडतात. म्हणून रोज दुकान उघडल्यावर आपलाच क्यूआर दुसऱ्या फोनने स्कॅन करून नाव वाचा, पैसे पाठवायची गरज नाही. आणि परतावा द्यायचा झाला तर व्यापारी अॅपमधल्या त्याच व्यवहारावरचा ‘रिफंड’ पर्याय वापरा. कोणी तोंडी सांगितलेल्या नंबरवर पैसे टाकू नका.

बिल करताना घेतलेले हजारो मोबाईल नंबर आमच्या संगणकात आहेत. दिवाळीच्या नव्या मालाची खबर सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर एकदम पाठवता येईल का?
*– कापड दुकान, नाशिक*

येईल, पण पाठवू नका. ते नंबर बिलासाठी दिलेले आहेत, जाहिरातीसाठी नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरायची, दुसऱ्या कामाला वेगळी संमती घ्यायची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तेवढा वेळ यादी नीट करायला पुरेसा आहे.

धंद्याच्या हिशेबानेही एकगठ्ठा संदेश तोट्याचाच. अनोळखी नंबरवरून आलेला संदेश लोक ब्लॉक करतात, तक्रार नोंदवतात. तक्रारी वाढल्या की व्हॉट्सअॅप तुमचे खातेच बंद करते आणि त्याबरोबर नेहमीच्या गिऱ्हाइकांशी चाललेले बोलणेही तुटते.

गिऱ्हाईक पुढच्या वेळी आले की बिलापाशी विचारा : ‘नवा माल आला की महिन्यातून जास्तीत जास्त दोनदा व्हॉट्सअॅपवर कळवू का? नको झाले की “थांबवा” एवढे पाठवा.’ हो म्हटले तर तारखेसह नोंद करा. नाही म्हटले तर नंबर न घेता बिल द्या. विक्रेत्याला नोंदींचे लक्ष्य देऊ नका, नाहीतर तो गिऱ्हाइकाला न विचारताच ‘हो’ वर टिचकी मारतो. त्या ‘हो’ ला काडीची किंमत नसते.

नंतर व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. ही अट लोकांना अडचण वाटते, प्रत्यक्षात ती चाळणी आहे. ज्याला खरेच हवे आहे तो नंबर साठवतो. म्हणून होकार मिळताच तिथेच साठवायला सांगा. ग्रुप मात्र कधीच करू नका. एका ग्रुपमध्ये घातलेल्या दोनशे बायकांचे नंबर एकमेकींना आणि कोणाही भामट्याला दिसतात.

‘थांबवा’ आले की त्याच दिवशी नाव काढा. हा धंद्याचा फोन विक्रेत्याच्या खिशात घरी जाऊ देऊ नका, सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. काम सोडून गेलेल्या माणसाचा संगणक तिथे जोडलेला राहिला, तर तुमची सगळी यादी त्याच्याकडे उघडी आहे. व्हॉट्सअॅपऐवजी एसएमएस पाठवायचे असतील, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर (असे संदेश पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेवर) आधी नोंदणी लागते आणि संदेशाचा मसुदाही मंजूर करून घ्यावा लागतो.

मॉलमधले दुकान मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिलच करत नाही. हे बरोबर आहे का?
*– वाचक, ठाणे*

नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवले आहे की, बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘नंबर द्यायचा नाही, कागदी बिल द्या’ असे शांतपणे सांगा. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वॉरंटी किंवा घरपोच माल असेल तर नंबर लागणे रास्त आहे.

आम्ही देवगडहून हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. पेटीवर क्यूआर लावला तर विश्वास बसेल का?
*– बागायतदार*

सगळ्या पेट्यांवर एकच क्यूआर छापणार असाल तर नाही. बाजारातला कोणीही तुमच्या एका पेटीवरून तो उचलून दुसऱ्या राज्यातल्या आंब्यावर लावेल. प्रत्येक पेटीला वेगळा क्रमांक द्या आणि तो किती वेळा, कधी स्कॅन झाला हे पानावर दाखवा. घरी आलेल्या पेटीचा क्यूआर ‘याआधी ४० वेळा पाहिला गेला’ असे म्हणू लागला, की गिऱ्हाइकाला कोणी सांगायची गरज राहत नाही. क्यूआर पेटीच्या आत, झाकणाखाली असेल तर आणखी बरे.

पानावर चकचकीत चित्रफीत नको. बागेचे गाव, तोडणीची तारीख, फळे किती, कोणत्या वजनगटाची आणि किती आण्यांवर (म्हणजे किती तयार झाल्यावर, सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) तोडली, एवढे पुरे. चौदा आण्यांचे फळ घरी पिकायला वेळ लागतो. पिकण्याचा अंदाजे काळ लिहिला नाही तर ‘कच्चे आंबे पाठवले’ अशी तक्रार येणारच. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे त्यात आले. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल तर तो क्रमांक द्या. नसाल तर नोंदणी होईपर्यंत मानांकनाचे चिन्ह वापरू नका.

खरी कसोटी साक्याची, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याच्या दोषाची. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तो निघाल्यास काय देणार, हे पैसे घेण्याआधी लिहा : कापलेल्या फळाचा पेटीक्रमांकाच्या चिठ्ठीसह फोटो, पेटी मिळाल्यापासून इतक्या दिवसांत, आणि त्या फळाचे पैसे परत. चिठ्ठी सोबत मागितली की एकच फोटो चार ठिकाणी फिरवता येत नाही आणि सचोटीच्या गिऱ्हाइकावर संशयही घ्यावा लागत नाही.

वेबसाइटवर पिनकोड आधी विचारा, म्हणजे वाहतुकीसह पूर्ण किंमत पहिल्याच पानावर दाखवता येते. शेवटच्या पायरीला पॅकिंग आणि डिलिव्हरीचे पैसे वाढवणे हे नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेल्या तेरा फसव्या पद्धतींपैकी एक आहे. आधीच टिचकी मारून ठेवलेला ‘विमा’ किंवा ‘देणगी’ यांनाही तिथे मनाई आहे.

रक्त-लघवीचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवतो. मध्यंतरी एक रिपोर्ट भलत्याच नंबरवर गेला. उपाय?
*– पॅथॉलॉजी लॅब, नांदेड*

चूक बहुधा नमुना घेतानाच होते : नंबर ऐकून टाइप केला जातो, एक आकडा चुकतो आणि तो कोणी वाचून दाखवत नाही. नोंदणीच्या वेळीच त्या नंबरवर ‘लॅबकडून चाचणी संदेश’ पाठवा आणि तो रुग्णाच्या फोनवर वाजला हे पाहिल्याशिवाय नमुना घेऊ नका. पीडीएफच्या नावात रुग्णाचे नाव किंवा तपासणीचे नाव घालू नका, फक्त नोंदणी क्रमांक ठेवा. फाइलला पासवर्ड द्या, आणि तो जन्मवर्षासारखा ओळखता येणारा नको. पावतीवर छापलेला चार-सहा आकडी क्रमांक चालेल. नंबर घरातल्या दुसऱ्या कोणाचा असेल तर रुग्णाला विचारा. अनेक घरांत फोन मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो आणि गरोदरपणाची चाचणी आधी तिसऱ्यालाच कळते. एचआयव्हीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मुळीच पाठवू नका. २०१७ च्या कायद्याने त्याची गोपनीयता बंधनकारक आहे. तो समुपदेशनासह, हातात द्यायचा.

चादरी-टॉवेलच्या ऑनलाइन विक्रीसाठी चॅटबॉट लावायचा आहे. मराठीतून नीट बोलेल का?
*– विक्रेता, सोलापूर*

बोलेल, पण ठामपणे चुकीचेही बोलेल. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला भाडे-सवलतीची चुकीची माहिती दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, हा बचाव टिकला नाही. म्हणून दुकानाची वेळ, ऑर्डर कुठे पोहोचली, चादरीची मापे आणि धुण्याच्या सूचना एवढेच त्याच्याकडे द्या. माल परत घेणे, सूट आणि रंग उतरल्याची तक्रार माणसाकडे जाऊ द्या. समोर यंत्र आहे हे पहिल्याच ओळीत सांगा आणि त्याच ओळीखाली ‘माणसाशी बोला’ हा पर्याय ठेवा. तो तीन पायऱ्या आत लपवला की गिऱ्हाईक निघून जाते. आठवड्यातून एकदा, लोकांनी अर्ध्यावर सोडलेली संभाषणे स्वतः वाचा. ‘चादर फिकी आली’, ‘परत घ्या ना’, ‘अजून पत्ता नाही’ अशी बोलीतली वाक्ये यंत्राला कळली नाहीत, हे तिथेच दिसते. ती वाक्ये गोळा करून यंत्राला पुरवा. रात्री दहानंतर माणूस उपलब्ध नसेल तर उत्तर सकाळी किती वाजेपर्यंत मिळेल ते लिहा, आणि गिऱ्हाइकाला आपली तक्रार पुन्हा टाइप करायला लावू नका.