देवीच्या ग्रंथांचा मंदिरशिल्पांवर खरंच परिणाम झाला का?

झाला, पण शिल्पकारांनी ग्रंथ जसाच्या तसा दगडात उतरवला असं नाही.

मार्कंडेय पुराणातलं देवीमाहात्म्य, म्हणजे आपली सप्तशती, घ्या. दुसऱ्या अध्यायात शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, हिमालय सिंह. मूर्तीच्या हातांतली आयुधं ओळखायला ही यादी फार उपयोगी पडते. तिसऱ्या अध्यायात देवी रेड्याच्या रूपातल्या महिषासुराला पायाखाली दाबते आणि तो स्वतःच्याच तोंडातून अर्धा बाहेर येतो. पुष्कळ शिल्पांत मात्र तो रेड्याच्या कापलेल्या मानेतून निघतो! महाबलीपुरमच्या पल्लव शिल्पात तर युद्ध अजून चालूच आहे. असुराला धड माणसाचं, डोकं रेड्याचं.

वेरूळला सप्तमातृकांचे, म्हणजे सात मातृदेवतांचे, पट जरूर पाहा. त्यांची बरीचशी वाहनं सप्तशतीच्या आठव्या अध्यायाशी जुळतात, पण तिथल्या नारसिंहीच्या जागी शिल्पात बहुधा चामुंडा असते.

आणि उलटही आहे: मथुरेच्या कुषाणकालीन महिषमर्दिनी या ग्रंथाआधीच्या मानल्या जातात.

वास्तूचं म्हणाल तर ओडिशातलं हिरापूरचं चौसष्ट योगिनी मंदिर: गोल, बिनछपराचं, योगिनी आतल्या भिंतीत. त्यामागे मात्र पुराणापेक्षा तंत्रपरंपरा जास्त आहे.