वाचकांचे प्रश्न : उणे चिन्हाचा घोळ

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. −३ − ५ चं उत्तर ती ८ लिहिते. विचारलं तर म्हणते, "उणे उणे अधिक." हा नियम चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, अर्धवट पाठ झालेला आहे. बेरीज-वजाबाकीत तो फक्त तेव्हाच लागू होतो, जेव्हा दोन उणे चिन्हं एकमेकांना लागून येतात आणि मध्ये संख्या नसते; उदाहरणार्थ, ७ − (−२) = ७ + २. −३ − ५ मध्ये दोन उणे आहेत खरे, पण त्यांच्या मध्ये ३ आहे. पहिला उणे त्या ३ चा स्वतःचा, दुसरा ५ वजा करायला सांगणारा. पुढे गुणाकार आला की घोळ आणखी पक्का होतो, कारण (−३) × (−५) चं उत्तर खरोखरच १५ येतं.

काही दिवस ती घोषणा बंदच ठेवा. त्याऐवजी प्रत्येक वजाबाकी आधी बेरीज करून लिहायला लावा. जी संख्या वजा करायची, तिची विरुद्ध संख्या मिळवायची: −३ − ५ = (−३) + (−५). कंस टाळू देऊ नका. मग फक्त चिन्हं पाहायची. सारखी असतील तर चिन्ह बाजूला ठेवून संख्यांची बेरीज करायची आणि तेच चिन्ह द्यायचं: −८. वेगळी असतील तर चिन्हाविना जी मोठी, तिच्यातून लहान वजा करायची आणि मोठीचं चिन्ह उत्तराला द्यायचं: (−९) + ४ = −५.

इथे "मोठ्या संख्येचं चिन्ह" असं मोघम सांगू नका. −९ आणि ४ मध्ये मोठी संख्या ४ आहे. मोठं आहे ते −९ चं केवल मूल्य, म्हणजे शून्यापासूनचं अंतर. हुशार मुलं नेमकी इथे अडतात आणि त्यांचं अडणं रास्त असतं.

प्रश्न : मी गणित शिकवते. ऋण संख्या वजा केल्यावर उत्तर वाढतं, हे मुलांना पटत नाही. संख्यारेषेवर "मागे तोंड करून मागे चाला" सांगितलं की ती जास्तच गोंधळतात.

गोंधळणारच. त्यात तोंड कुठे आणि चाल कुठे, अशा दोन दिशा एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. संख्यारेषा बेरजेसाठी उत्तम. ऋण संख्या वजा करायला दोन रंगांच्या सोंगट्या बऱ्या. प्रत्येक रंगाच्या पंधरा-वीस पुरतात, आणि संख्या सुरुवातीला ६ च्या आतल्या घ्या.

समजा, लाल सोंगटी +१ आणि काळी −१. एक लाल आणि एक काळी मिळून शून्य. आता २ − (−३) करायचं आहे. दोन लाल मांडा. तीन काळ्या काढायच्या आहेत, पण काळी एकही नाही. म्हणून लाल-काळ्याच्या तीन जोड्या आणून ठेवा. शून्यच मिळवल्यामुळे किंमत २ च राहिली. आता तीन काळ्या उचला. पाच लाल उरतात. उत्तर ५.

चूक ठरलेली असते: मुलं जोड्या न आणता नुसत्या तीन काळ्या आणतात आणि त्याच उचलतात. उत्तर २ येतं. म्हणून जोड्या ठेवून झाल्यावर, काही उचलण्याआधी, "आता किंमत किती?" हे विचारायलाच हवं.

ज्यांना सोंगट्यांपेक्षा आकडे भावतात, त्यांच्यासाठी ही रांग: ५ − २ = ३, ५ − १ = ४, ५ − ० = ५. वजा होणारी संख्या एकेकाने उतरते, उत्तर एकेकाने चढतं. मग ५ − (−१) किती? बहुतेक जण स्वतःच ६ म्हणतात. (लाल म्हणजे धन ही निवड आमची नव्हे. प्राचीन चीनमध्ये गणनाकाड्या अशाच असत, लाल धन आणि काळ्या ऋण. शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त दिला आहे.)

प्रश्न : ३६ − ८१ उभं मांडलं की माझं उत्तर −५५ येतं. कुठे चुकतं?

तुम्ही प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करताय: एककात ६ − १, दशकात ८ − ३. वजा करणारी संख्या मोठी असेल तर मांडणीच उलटी घ्या. ८१ वर, ३६ खाली, नेहमीसारखा हातचा घेऊन ४५, आणि मग उणे: −४५. ताळा: −४५ + ८१ = ३६. तोंडी करायचं तर शून्यावर थांबा. ३६ ने शून्यापर्यंत आलो, ८१ पैकी ४५ उरले, तितकं शून्याच्या डावीकडे.

प्रश्न : −७ + १२ − (−४) − ९ + ३ अशी लांब उदाहरणं कोणत्या क्रमाने सोडवावी?

आधी लागून आलेली चिन्हं मिटवा: −७ + १२ + ४ − ९ + ३. मग धन एकीकडे, ऋण एकीकडे: १२ + ४ + ३ = १९, ७ + ९ = १६. उत्तर ३. जागा बदलताना संख्येने डावीकडचं चिन्ह सोबत न्यायचं, एवढंच पथ्य. ते सुटलं की ८ − ५ + २ मध्ये आधी ५ + २ केलं जातं आणि ५ ऐवजी १ येतं. कंसाआधी उणे असेल तर कंसातली सगळी चिन्हं बदलतात: १० − (४ − ७) = १० − ४ + ७ = १३. फक्त पहिलंच बदललं तर −१ येईल.

प्रश्न : कॅल्क्युलेटरवर −६ कसं टाकायचं?

साध्या यंत्रावर आधी ६, मग +/− ची कळ. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर बहुधा कंसातल्या उण्याची वेगळी कळ असते. ती ६ च्या आधी दाबायची. वजाबाकीची कळ त्याऐवजी वापरली तर काही यंत्रं चूक दाखवतात, तर काही आधीच्या उत्तरातूनच ६ वजा करून मोकळी होतात.