कोविडची लस घेताना एकाच घरातल्या चौघांना चार वेगळे अनुभव का आले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ मध्ये वडिलांना केंद्रावर लस शिल्लक असताना परत पाठवलं, तुम्हाला कोविशिल्डनंतर रात्री थंडी वाजून ताप भरला, आईला कोव्हॅक्सिन घेऊन काहीच झालं नाही, आणि भावाने दोन्ही डोस घेऊनही त्याच्याकडे ‘पहिला डोस’ असं लिहिलेली दोन प्रमाणपत्रं आली. यात नशिबाचा भाग किती आणि भोंगळपणाचा किती, असं तुम्ही विचारलंय. त्या वर्षी मी ग्रामीण भागात लस टोचणाऱ्या नर्सेसपैकी एक होते. चारही गोष्टींना नेमकी कारणं आहेत, त्यामुळे एकेक घेते. वडिलांपासून सुरुवात करते, कारण लोकांचा सगळ्यात जास्त राग तिथेच होता आणि तो अनाठायी नव्हता.

कोविशिल्डची एक व्हायल, म्हणजे लशीची छोटी बाटली, ५ मिलिलिटरची. एका माणसाला ०.५ मिलिलिटर, म्हणजे दहा माणसांची लस. या लशीत ती टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह नाही. रबरी बुचातून पहिली सुई आत गेली की घड्याळ सुरू. आम्हाला चार तासांची मर्यादा होती, त्यानंतर उरलेली लस कितीही असली तरी फेकायची. व्हायल उघडल्याची वेळ लेबलवर पेनाने लिहायची, ती एवढ्यासाठीच. आता समजा, दुपारचे साडेतीन वाजलेत, केंद्र पाचला बंद होणार आणि रांगेत तीन माणसं आहेत. व्हायल उघडली तर सात डोस वाया जाण्याची भीती. उघडली नाही तर त्या तिघांना परत पाठवायचं. ‘लस आहे पण देत नाहीत’ असं लोकांना वाटायचं ते इथे. लस खरोखरच होती, न उघडलेल्या व्हायलमध्ये.

त्यातून वाया गेलेल्या डोसचा हिशेब वर जायचा. सुरुवातीच्या नियोजनात दहा टक्के वाया जातील असं धरलं होतं. पुढे केंद्र सरकारकडून सांगणं आलं की हे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवता येतं, आणि २१ जून २०२१ पासूनच्या धोरणात तर वाया जाणाऱ्या डोसचा परिणाम राज्याच्या वाट्यावर होईल असंच लिहिलं होतं. मग खालच्या केंद्रावरची नर्स ‘दहा जण जमू द्या’ असं म्हणणारच. माझं मत मात्र तेव्हाही हेच होतं की रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला परत पाठवणं हे सात डोस फेकण्यापेक्षा महाग पडतं. फेकलेले डोस रिपोर्टमध्ये दिसतात. परत गेलेला माणूस पुन्हा आला की नाही, याला रिपोर्टमध्ये रकानाच नव्हता. यावर उपाय होता आणि तो चांगला चालायचा: आशाताईंनी सकाळीच वस्तीवरची यादी करायची, दहा-दहाच्या टोळीने लोकांना बोलवायचं आणि दुपारनंतर व्हायल अर्धी राहिलीच तर फोन करून बोलवता येतील अशी जवळ राहणारी पाच-सात नावं हाताशी ठेवायची. जिथे हे झालं तिथे लोकही परत गेले नाहीत आणि लसही फेकावी लागली नाही.

याच्या उलट गोष्टही सांगते. कंपनी व्हायलमध्ये थोडी जास्त लस भरते, आणि आपल्याकडच्या एडी सिरिंजमध्ये (एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज) सुईच्या मुळाशी फार लस अडकून राहत नाही. हात सराईत असेल तर एका व्हायलमधून अकरावा डोस निघायचा. केरळने मिळालेल्या डोसपेक्षा जास्त माणसांना लस दिली, ती याच अकराव्या डोसातून. पण अकरावा डोस पूर्ण ०.५ भरला तरच द्यायचा. एका व्हायलमध्ये ०.३ उरलं आणि दुसऱ्यात ०.२ उरलं म्हणून दोन्ही एकत्र करायचं नाही. एका व्हायलमध्ये जंतू गेला असेल तर तो दुसरीतही जातो. एडी सिरिंजची आणखी एक अडचण: दट्ट्या एकदाच मागे येतो आणि एकदाच पुढे जातो, मग लॉक होतो. जुन्या काचेच्या सिरिंजच्या सवयीने कुणी आधी हवा ओढून व्हायलमध्ये सोडायला गेलं की ती सिरिंज गेली. सुरुवातीच्या आठवड्यांत अशा बऱ्याच सिरिंज वाया गेल्या.

सेशन नऊचं असून साडेनऊ-दहाला का सुरू व्हायचं, हेही लोक विचारत. लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआर या लशीसाठीच्या खास फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत असते आणि तिथून व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅक लावून निघते. डीप फ्रीजरमधला आइसपॅक लगेच लावला तर त्याला टेकलेली लस गोठते, आणि या दोन्ही लशी गोठल्या की निकामी. म्हणून आइसपॅक टेबलावर मांडून ठेवायचे. हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच ते कॅरिअरमध्ये. थंडीच्या दिवसांत याला बराच वेळ लागतो. रांगेतल्या माणसाला वाटतं की नर्सबाई नुसत्या बसल्यात.

आता तुमचा ताप. कोविशिल्डमध्ये चिंपांझींमधला एक सर्दीचा विषाणू वापरलाय. तो शरीरात वाढू शकत नाही, पण पेशींत शिरून आपली सूचना पोहोचवतो. अर्ध्या मिलिलिटरमध्ये असे पाच हजार कोटी कण असतात. एवढी संख्या एकदम आली की शरीराची पहिली फळी जागी होते, आणि थंडी, ताप, अंगदुखी ही तिचीच लक्षणं. ती साधारण सहा-आठ तासांनी सुरू होतात. म्हणून दुपारी लस घेतलेल्याला रात्री हुडहुडी भरते. एक-दोन दिवसांत उतरतं. तरुणांना हा त्रास जास्त, साठीच्या पुढच्यांना कमी, आणि दुसऱ्या डोसला बहुतेकांना पहिल्यापेक्षा कमी. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला कोरोना विषाणू आहे आणि त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमवर आधारलेला पूरक घटक. तिचा ताप मुळातच कमी, त्यामुळे तुमच्या आईला काही झालं नाही यात नवल नाही. ताप आला म्हणजे लस ‘लागली’ आणि नाही आला म्हणजे ‘पाणी टोचलं’ हा समज गावोगाव होता. तो चुकीचा आहे. ताप न येताही प्रतिपिंडं तयार होतात.

तापाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा. लस घेण्याआधीच गोळी घेऊन यायची गरज नव्हती, तरी पुष्कळ जण घेऊन यायचे. बीपीची आणि शुगरची रोजची गोळी मात्र चुकवायची नव्हती. ‘लस आहे म्हणून आज गोळी घेतली नाही’ असं सांगणारे रोज भेटत, आणि मग भीतीने वाढलेलं बीपी पाहून एखाद्या ठिकाणी त्यांना परत पाठवलं जाई. बीपी अमुक एवढंच हवं अशी लशीसाठी अट नव्हती. आधीच्या डोसला किंवा लशीतल्या घटकाला तीव्र ॲलर्जी झाली असेल तर लस द्यायची नाही. अंगात कोविडची लक्षणं असतील किंवा माणूस आजारी पडून दवाखान्यात असेल तर पुढे ढकलायची. कोविड होऊन गेलेल्यांनी तीन महिने थांबावं, हे मे २०२१ मध्ये ठरलं. गर्भवतींना परवानगी मिळाली ती जुलैच्या सुरुवातीला.

दंड किती दुखतो हे बरंचसं टोचणाऱ्यावर आणि कपड्यावर असतं. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटं सोडून, काटकोनात, स्नायूत जायला हवी. फार वर गेली तर सांध्याजवळ जाते आणि खांदा आठवडेच्या आठवडे दुखतो. बायकांच्या ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडात रुतते आणि मधला नेमका भाग झाकलेलाच राहतो. अशा वेळी पडदा लावून गळ्याच्या बाजूने खांदा मोकळा करायला सांगणं हाच योग्य मार्ग. गर्दीत पडदा नसला की घाईत बाहीखाली टोचलं जायचं. पुरुषांचंही तेच, फुल शर्टाची बाही कोपरावर गुंडाळून दंड पुढे करायचे. हात कमरेवर ताठ न धरता मांडीवर सैल सोडला की निम्मं दुखणं कमी होतं. टोचल्यावर चोळायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कापूस पाच मिनिटं दाबून धरायचा.

अर्धा तास बसवून ठेवायचं कारण ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जिवावर बेतणारा झटका. तो फार विरळा, पण आला तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येतो, म्हणून माणूस नजरेसमोर हवा. प्रत्यक्षात त्या खोलीत जास्त दिसायची ती साधी चक्कर. पहाटेपासून उपाशी रांगेत उभे, वर भीती. दोन्हींतला फरक नर्सला ओळखता आलाच पाहिजे. चक्कर आलेल्याचा चेहरा पांढरा पडतो, अंग गार लागतं, नाडी मंद असते, आणि आडवं करून पाय उचलून धरले की मिनिटा-दोन मिनिटांत तो बोलायला लागतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी वेगाने धावते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासात शिट्टी वाजते. तिथे वाट पाहायची नाही. मोठ्या माणसाला ॲड्रिनॅलिन १:१००० अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब. १०८ला फोन त्याच वेळी. किटमधल्या ॲड्रिनॅलिनची मुदत दर सेशनला तपासायची, हे शिकवलेलं होतं. ‘मला काही होत नाहीये, जाऊ द्या’ म्हणत दहा मिनिटांत मोटरसायकलला किक मारणाऱ्यांची काळजी मला कायम वाटायची.

रक्ताच्या गुठळीबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. धोका खरा होता आणि फार लहान होता. १७ मे २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की तपासलेल्या ४९८ गंभीर प्रकरणांत २६ ठिकाणी कोविशिल्डनंतर गुठळीची शक्यता दिसली, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. इशारा लस घेतल्यानंतरच्या वीस दिवसांसाठी होता: न थांबणारी तीव्र डोकेदुखी, दम लागणं, छातीत किंवा पोटात दुखणं, एका पायाला सूज, टोचल्याच्या जागेपासून दूर कातडीखाली लाल ठिपके. हे कागद केंद्रांवर लावायला हवे होते. बऱ्याच ठिकाणी लागलेच नाहीत, आणि लोकांना ही गोष्ट मोबाइलवरच्या अफवांतून कळली. खरी माहिती आधी आमच्याकडून मिळाली असती तर भीती कमी झाली असती, असं मला ठाम वाटतं.

दुसऱ्या डोसचा गोंधळ हा वेळापत्रक बदलल्याचा होता. कोविशिल्डचं अंतर आधी चार आठवडे, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. लसीकरणाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कोविन पोर्टलने ८४ दिवसांआधी नोंदच घेणं बंद केलं. ८० व्या दिवशी आलेल्याला आम्ही चार दिवसांसाठी परत पाठवायचो, ते आमच्या मनाने नव्हे. नाव टाकलं तरी पुढचं पान उघडत नसे. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना ७ जूनपासून २८ दिवसांनंतर सवलत मिळाली. कोव्हॅक्सिनचं अंतर चार ते सहा आठवडेच राहिलं, पण पुरवठा तुटपुंजा. महाराष्ट्राने मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं, ते ४५ वरच्यांचे दुसरे डोस अडकल्यामुळेच.

राहिला भाऊ. त्याची दोन ‘पहिला डोस’ प्रमाणपत्रं येण्याचं कारण बहुधा एकच: पहिल्या डोसला एक मोबाइल नंबर किंवा ओळखपत्र, दुसऱ्याला वेगळं. पोर्टल माणसाला नंबर आणि ओळखपत्रावरून ओळखायचं. नवा नंबर दिला की नवा माणूस, म्हणून पुन्हा पहिला डोस. गावाकडे हे फार झालं, कारण एका नंबरवर आधी चारच नावं बसायची (जानेवारी २०२२ पासून सहा) आणि मोठ्या कुटुंबात पाचव्याला शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा नंबर द्यावा लागे. यासाठी पोर्टलवर पुढे दोन्ही प्रमाणपत्रं जोडण्याची सोय आली. आधी दोन्ही नोंदी एका खात्यात दिसायला हव्यात, आणि नाव, जन्मवर्ष, लिंग दोन्हींत सारखं असायला हवं. इथेच आपली नावं अडकतात: आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पॅनवर आडनाव आधी, लग्न झालेल्या बाईचं एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. आधी चुकीची नोंद दुरुस्त करायची, मग जोडणी. दुरुस्ती एकदाच करता यायची, त्यामुळे स्पेलिंग पासपोर्टवरून पाहूनच भरायचं. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा या एका चुकीमुळे कित्येकांचं कामावर जाणं अडलं.

लस न घेताच ‘लसीकरण पूर्ण’ असा मेसेज येणं हा वेगळा प्रकार. वेळ ठरवून माणूस आलाच नाही आणि संध्याकाळी ऑपरेटरने यादी एकगठ्ठा भरली की असं व्हायचं. ८ मे २०२१ पासून चार अंकी कोड सुरू झाला: तो लस घेणाऱ्यानेच सांगायचा आणि तो टाकल्याशिवाय ऑनलाइन वेळ घेतलेल्याची नोंद पुढे जायची नाही. त्यानंतर असे मेसेज कमी झाले, पण जागेवर येऊन नाव नोंदवणाऱ्यांना हा कोड नसायचा.

भावाला सांगा, दोन्ही प्रमाणपत्रांवरची लस, तारीख आणि केंद्राचं नाव आधी ताडून पाहा. दोन्ही तारखा खऱ्या असतील तर त्याचे दोन डोस झालेले आहेत, चूक फक्त नोंदीतली. दुसऱ्या डोसला कोणाचा नंबर दिला होता ते आठवत नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा. पोर्टलशिवाय त्या काळात कागदावरही याद्या ठेवल्या जात होत्या.