पोरगी घरातली आहे म्हणून फुकटची नाही

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं. पोरगा 17 वर्षांचा, तालमीत, स्टेटपर्यंत खेळलेला. मुलगी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला, तिला खेळाडूंचं सोशल मीडिया सांभाळायचं काम करायचंय, पुण्यात इंटर्नशिप मिळत होती ती तुम्ही नको म्हणालात कारण "नाहीतरी मोबाईलमध्येच असते, भावाचंच पेज मोठं कर". आणि वर मला विचारताय, तिने कोर्स कुठला करावा!

कोर्स राहू द्या हो. पत्रात पोराचं वजन आहे, खुराक आहे, वस्तादांचं नाव आहे, मुलीचं मात्र नावसुद्धा नाही. तिची संधी गेली ती एका ओळीत उरकलीत. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं.

दुसरं, फॉलोअर वाढवणं म्हणजेच हे काम, असं तुम्ही धरून चाललाय. अहो, यातलं निम्मं काम काय टाकायचं नाही हे बघण्याचं असतं. इंग्लंडचा क्रिकेटर ऑली रॉबिन्सन, 2021 मध्ये लॉर्ड्सवर पहिलीच टेस्ट, 7 विकेट घेतल्या, आणि त्याच मॅचच्या पहिल्या दिवशी त्याचे 2012-13 चे वर्णद्वेषी ट्विट वर आले, पोरवयात केलेले, मॅच संपल्या संपल्या सस्पेंड. त्याच वर्षी बॅडमिंटनच्या पी. व्ही. सिंधूला टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं तर ज्यांचा तिच्याशी करारच नाही अशा कंपन्यांनी अभिनंदनाच्या नावाखाली तिचा फोटो आणि आपला लोगो लावून जाहिरात करून घेतली, तेव्हा तिचं काम बघणाऱ्या बेसलाइन व्हेंचर्सने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. हे सगळं कळायला करार वाचता यावा लागतो, आणि ते दुसऱ्याच्या हाताखाली शिकूनच येतं.

आता ती रील, जी दोन लाख लोकांनी बघितली म्हणून तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तुमचा पोरगा शड्डू ठोकून हरलेल्या पोराला "बांगड्या भर" म्हणतो ती. आजच काढून टाका. उद्या स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली किंवा स्पॉन्सर आला की हीच कोणीतरी शोधून काढणार. आणि स्टोरी टाकली की प्रोटीनचा डबा फुकट देणारे मेसेज येतात म्हणताय, त्यांना सरळ नाही म्हणा. डब्यात काही भलतंसलतं निघालं आणि नाडाच्या (खेळाडूंची डोपिंग तपासणी करणारी सरकारी संस्था) टेस्टमध्ये सापडलं तर जबाबदार खेळाडूच, कंपनीने फसवलं म्हणून सुटका नाही.

स्पोर्ट्स मॅनेजमेंटचे कोर्स मुंबई-पुण्यात आहेत, पीआरचे डिप्लोमे आहेत, ग्रॅज्युएशननंतर बघता येतील. आधी त्या पुण्याच्या लोकांना फोन करून विचारू दे, जागा अजून आहे का. नसेल तर गावातल्याच दुसऱ्या तालमीतल्या, कबड्डीच्या एखाद्या खेळाडूचं पेज घेऊ दे, पैसे ठरवून, थोडे का असेनात. भावाचं करायचंच असेल तर त्यालाही तोच दर, आणि कुठली पोस्ट जाणार ते ती ठरवणार, तुम्ही नाही.

पुढचं पत्र तिने लिहावं, तिच्या मेलवरून. उत्तर तिलाच देईन.