एका केंद्रावर बस

चि. बाळ, अनेक उत्तम आशीर्वाद.

२०२४ च्या लोकसभेचे १ जूनला एक्झिट पोल पाहिलेस, ४ जूनला निकाल पाहिलास आणि आता विचारतोस, "मामा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर?" बहुतेक वाहिन्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवलं होतं, प्रत्यक्षात जागा आल्या २९३. सातही टप्पे तू मोबाइलवर पाहिलेस. पण तुझ्या वॉर्डातल्या शाळेत मतदान कुठल्या खोलीत होतं, हे विचारलं तर तुला सांगता येणार नाही. राग येऊ दे थोडा.

एका केंद्रावर बस. पत्रभर मी हेच सांगणार आहे.

पोलिंग एजंट हो, म्हणजे मतदान केंद्रावर बसणारा उमेदवाराचा माणूस. कुठल्याही उमेदवाराचा हो; अपक्षाचा झालास तर उत्तम, त्यांना माणसंच मिळत नाहीत. पहाटे साडेपाचला पोच. तेव्हा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं: निदान ५० मतं टाकायची, मोजायची, मग यंत्र कोरं करायचं. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रातल्या, त्या चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात सीलबंद होतात. डोळे चोळत का होईना, बघ. संध्याकाळी केंद्राध्यक्ष 'क्लोज'चं बटण दाबतात आणि एकूण मतांचा आकडा १७-सी फॉर्मवर लिहून, सही करून प्रत देतात. ती हातात आल्याशिवाय उठायचं नाही. साहेबांना साहित्य जमा करायची घाई असते, तुझ्या पोटात कावळे ओरडत असतात. तरी नाही. मोजणीला यंत्रातला आकडा याच कागदाशी ताडून बघतात. ईव्हीएमवरून तावातावाने भांडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना विचार, १७-सी कधी हातात धरलाय का?

वायव्य मुंबईत पहिल्या दोन्ही उमेदवारांना साडेचार लाखांच्या वर मतं पडली आणि खासदार ठरला ४८ मतांनी. केंद्रावर बसलास की ४८ म्हणजे काय ते कळतं. ओळखपत्र घट्ट धरून आलेल्या आजींचं नाव यादीत नसतं, आणि ओळखपत्र असलं तरी यादीत नाव लागतं, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगावं लागतं.

"एवढी वर्षं बसून मामाला काय मिळालं?" असं तुझी आई म्हणाली असणार. बहीण आहे माझी, ओळखतो मी तिला. नगरसेवकाचं तिकीट मागायची हिंमत झाली नाही, ती बोच आहेच. पण मी रिकामा बसलो नव्हतो. बोगस मतदारावर आक्षेप घ्यायचा तर एजंटाला दोन रुपये भरावे लागतात. मी भरले. तो निघाला आमच्याच पक्षाचा. महिनाभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही, आणि उद्या तसाच कोणी आला तर पुन्हा भरीन. याला वेळ वाया घालवणं म्हणत असतील तर म्हणोत.

पुढची निवडणूक येईलच. आधी यादीत स्वतःचं नाव बघ, नसेल तर नमुना ६ भर. मग फोन कर, उमेदवाराकडून नेमणुकीचा फॉर्म कसा घ्यायचा ते सांगतो. विश्लेषक काय म्हणाले ते मात्र फोनवर सांगत बसू नकोस.

तुझा,
मामा