होडीवाले, व्हिसावाले आणि घरातले आजोबा

या वेळी पत्रं तीन आहेत, पण पहिलंच असं आहे की बाकीच्या दोघींनी मला माफ करावं. मूळची उदगीरची एक लेक इंग्लंडातून लिहिते:

"काकू, आमच्या घरात जेवायच्या टेबलावर रोज संसद भरते. घरापासून मैलभरावर एक हॉटेल आहे, तिथं सरकारनं आश्रय मागणारे लोक ठेवलेत. हे रोज इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या होड्यांचे व्हिडिओ बघतात आणि फॅमिली ग्रुपवर टाकतात. मुलगी पंधराची. ती शाळेतून त्याच लोकांसाठी थंडीचे कपडे गोळा करते. परवा तिनं ह्यांचं जुनं जॅकेट नेऊन दिलं. ते ह्यांनी इथल्या पहिल्या हिवाळ्यात चॅरिटी शॉपमधून घेतलेलं, चेन तुटलेली, तरी टाकत नव्हते. हे भडकले. म्हणाले, 'मी लाखो रुपये भरून, रांगेत उभा राहून आलो. त्यांना फुकट हॉटेल, आणि वरून माझंच जॅकेट?' लेक म्हणाली, 'बाबा, तुम्ही रेसिस्ट आहात.' तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. सासरे सेनगावकडचे, ऐंशी पार, सहा महिन्यांसाठी आलेत. ते म्हणतात, 'ज्यानं त्यानं आपल्या गावात राहावं.' मी मधे पडत नाही, चहा ठेवायला उठते. त्यात इथं कायम राहायच्या परवान्यासाठीची आमची पाच वर्षं पुढच्या वर्षी भरतात, तर आता दहा होणार म्हणे. रात्र रात्र झोप नाही."

आधी लेकीचं. बापाचं जॅकेट त्याला न विचारता द्यायचं नाही. दानधर्म स्वतःच्या कपाटातून करावा. आणि ज्या माणसानं तुटक्या चेनचं जॅकेट इतकी वर्षं जपलं, त्याला एका शब्दात मोडीत काढू नये. हे तिला आईनं सांगायला हवं होतं, त्याच टेबलावर. बाई गं, चहा नंतर ठेवला असता तरी चाललं असतं.

आता जावईबापूंचं. त्यांचा राग मला कळतो. व्हिसाची फी वेगळी, वर आरोग्याचा सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, लेकरामागं ७७६. तो आगाऊ, सगळ्या वर्षांचा एकदम. पगारातून कर कापला जातोच. आणि एवढं करून व्हिसावर लिहिलेलं काय, तर सार्वजनिक निधीवर हक्क नाही. नोकरी गेली तर भत्ता नाही, नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाला आधार देणारी कंपनी, शोधायला थोडे दिवस, नाहीतर बोऱ्याबिस्तरा. अशा माणसाला कुणी दाखवलं की बघ, ते होडीतून आले आणि त्यांना खोली मिळाली, तर त्याच्या पोटात तुटणारच. तुटू नये असं म्हणणारे लोक बहुतेक इथंच जन्मलेले असतात.

पण आकड्यांत पक्क्या असलेल्या माणसानं आकडे पुरते बघावेत. आश्रय मागणाऱ्याला स्वतः रांधून खायच्या घरात ठेवलं तर आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स मिळतात. हॉटेलात जेवण मिळत असेल तर दहा पौंडांच्या आत. काम करायला मनाई. अर्ज वर्षभर रखडला तरच परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. म्हणजे तुमच्यासारखीच मनगटं असलेली माणसं महिनोन् महिने खोलीत बसून छताकडं बघतात, आणि आपण म्हणतो बसून खातात.

मग पैसा जातो कुठं? खर्च अवाढव्य आहे, ते खोटं नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी मे २०२५ मध्ये सांगितलं की राहण्याच्या सोयीची दहा वर्षांची कंत्राटं आधी ४.५ अब्ज पौंडांची धरली होती, ती आता १५.३ अब्जांवर जातील. हे पैसे कंत्राटदाराच्या आणि हॉटेलमालकाच्या खात्यात पडतात, होडीतल्या माणसाच्या हातात आठवड्याला काय पडतं ते वर लिहिलंच आहे. दुष्काळात टँकर कुणाचे लागतात आणि फेऱ्या कागदावर किती होतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला लंडनच्या लेखापरीक्षकानं समजावून सांगायला नको. व्हिडिओ टाकायचाच असेल तर ह्याचा टाका.

हद्द राखू नये असं माझं म्हणणं नाही. कोण येतंय ते देशानं बघितलंच पाहिजे. खोटे अर्ज असतात, माणसं विकून पैसे करणाऱ्या टोळ्या असतात. २०२२ मध्ये ४५ हजारांवर माणसं अशा होड्यांतून आली, कुठलंही सरकार झोपेल कसं? पण त्याच वर्षी एप्रिलात ह्या लोकांना आफ्रिकेतल्या रुआंडाला पाठवायची योजना निघाली, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बेकायदा ठरवली, जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारनं ती गुंडाळली. इतक्यात प्रश्न सुटला नाही, आरडाओरडा मात्र वाढला. आणि त्या आरडाओरड्यात आपली जागा कुठं आहे हे जावईबापूंना अजून उमगलेलं दिसत नाही.

जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला लहान मुलींवर हल्ला झाला. हल्लेखोर होडीतून आलेला आहे अशी थाप पसरली. तो जन्मला होता कार्डिफमध्ये. तरी गावोगाव दंगली झाल्या, रॉदरहॅममध्ये आत माणसं असताना हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला. त्या आठवड्यात आमच्या इथल्या, लेस्टरच्या मंडळानं कार्यक्रम पुढं ढकलला, बायका बसनं जायला घाबरत होत्या. सगळ्या व्हिसावाल्या आणि पासपोर्टवाल्या. पुढच्या वर्षी, जुलैमध्ये, डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला मारून रक्तबंबाळ केलं, तो नुकताच नोकरीसाठी आलेला होता. रस्त्यावरचा माणूस कातडी बघतो, बायोमेट्रिक कार्ड मागत नाही.

आणि होडीतले सगळे परकेच असतात हेही विसरा. २०२३ च्या सुरुवातीला इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांत भारतीयही होते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात ३ महाराष्ट्रातले होते. त्यांच्या गावात आपल्यासारख्यांची लग्नं होतात.

एवढं सगळं त्यांना वाचून दाखवलंत तरी ते ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. आकड्यांनी माणूस गप्प होतो, बदलत नाही. नेहमीचे वाचक ओळखून चुकले असतील की काकूंची गाडी आता कुठं वळणार. वळू द्या. सेनगावकडचा ऐंशी पार माणूस म्हणतो, 'ज्यानं त्यानं आपल्या गावात राहावं'? त्यांना विचारा की १९४८ साली त्यांचं घर कुठं होतं.

आमच्या आईला विचारायला मला म्हातारपण यायची वाट बघावी लागली, कारण आपल्याकडं ही गोष्ट कुणी आपणहून काढत नाही. ती आठ वर्षांची होती. भूमजवळचं गाव, निजामाचं राज्य, रझाकारांचा सुळसुळाट. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करून पुढं आलेला, त्याचं नाव घेतलं की दारं लागायची. एका रात्री शेजारच्या वाडीत जाळपोळ झाली आणि आजोबांनी बैलगाडी जुंपली. हद्द ओलांडून बार्शीला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात, तिथं निजामाचा कायदा नाही. परवाना नव्हता, कागद नव्हता. एका आडत्याच्या ओसरीवर जागा मिळाली.

पहिले काही दिवस लोकांनी भाकऱ्या आणून दिल्या. मग कुरकुर सुरू झाली. आई सांगायची, "बार्शीवाले म्हनायचे, ही निजामाकडची मान्सं आली आन् ज्वारी महागली." घरमालकीण रोज सकाळी गोवऱ्या मोजायची. आजी तिच्यासमोर उभी राहायची, मोजून होईपर्यंत, एक शब्द न बोलता. मग दिवसभर दुसऱ्यांची दळणं दळायची. ती बाई वाईट नव्हती, असंही आई म्हणायची. तिच्याच गोवऱ्या होत्या, तिनं मोजल्या.

सोलापूर, बार्शी, तिकडं वऱ्हाडात वाशीम, उमरखेड, हद्दीच्या बाजूला अशी माणसं येऊन राहिली होती. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या लोकांचे कॅम्पही तिथंच. सेनगावहून वाशीम काही लांब नाही. सासऱ्यांची माणसं गेली असतील किंवा गेली नसतील, पण कुणाच्या पडवीत कोण येऊन राहिलं होतं एवढं तरी त्यांना आठवेल. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, आपण परदेशातही झेंडावंदन करून फोटो टाकतो, पण त्या तारखेच्या आधीचं वर्ष लोकांनी कुणाच्या ओसरीवर काढलं ते लेकरांना सांगत नाही. आणि तारखेनंतरचंही नाही. भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन झाल्यावर उस्मानाबाद, नांदेडकडं मुसलमान कुटुंबांवर जे ओढवलं ते सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. आमच्या आजोबांची गाडी घरी परतली तेव्हा वाटेत उलट्या दिशेनं जाणाऱ्या गाड्या लागल्या होत्या. आई त्या वाक्यापाशी थांबायची, पुढं बोलायची नाही.

किल्लारीचं तर तुमच्या-माझ्या आठवणीतलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. वर्षभरात आमच्याच नात्यातले लोक म्हणायला लागले, "भूकंपवाल्यांची चंगळ आहे, ज्याच्या भिंतीला भेग नाही त्यालाही पत्रे मिळाले." काही ठिकाणी खरंही असेल. म्हणून ढिगाऱ्याखालून काढलेल्यांचं घर नको होतं का?

तेव्हा हे करा. रविवारी दुपारी सासऱ्यांना वरण-बट्टी करून घाला, जेवल्यावर माणूस बोलतो. मुलीला फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांगा. 'तुमचा अनुभव सांगा' असं विचारू नका, म्हातारी माणसं भाषण सुरू करतात. बारीक विचारा. गाडी कुणाची होती? दावणीची जनावरं कुणाकडं सोडली? ज्वारी कुठं पुरली? तिथल्या विहिरीवर पाणी भरू देत होते का? जावईबापूंना शेजारी बसवा, पण त्यांना काही म्हणू नका. आणि लेकीलाही बजावा की बापाकडं 'बघा, मी म्हणत नव्हते?' अशा नजरेनं बघायचं नाही.

मी राहते त्या लेस्टरच्या नगरपालिकेनं १९७२ मध्ये थेट युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिलेली, सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनला आली, बहुतेकांकडं ब्रिटिश पासपोर्ट होता, तरी हे. आता त्यांच्याच दुकानांतून आपण ज्वारीचं पीठ आणतो आणि त्याच दुकानाच्या रांगेत उभं राहून होडीवाल्यांना नावं ठेवतो. मी ऐकलंय, गेल्याच महिन्यात, शुद्ध मराठीत.

पाचाच्या दहाचं थोडक्यात. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत दहा वर्षांचा प्रस्ताव आला. नोव्हेंबरात निर्वासितांसाठी वीस वर्षांची वाट आणि दर तीस महिन्यांनी फेरतपासणी जाहीर झाली. दोन्ही एकाच गृहखात्याचं, एकाच लाटेतलं, हे जावईबापूंच्या कानावर घाला. तुमच्या तारखेला कुठला नियम लागू असेल ते सरकारच्या पानावर बघा, यूट्यूबवरच्या दाढीवाल्याचं ऐकू नका. पगाराच्या स्लिपा, पी-साठ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि देशाबाहेरच्या दिवसांची यादी आजच फाईलला लावा. कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांच्या वर बाहेर राहू नका. अर्जाची फी माणशी तीन हजार पौंडांच्या वर आहे, ती आत्तापासून बाजूला टाका. झोपेचं म्हणाल तर रात्री फोन दुसऱ्या खोलीत.

परभणीची एक सूनबाई मेलबर्नहून विचारते, मुलगा मराठीत उत्तर देत नाही, काय करू. तो सात वर्षांचा आहे. तुम्ही बोलत राहा, तो ऐकतोय.

आणि जालन्याच्या ज्या बाईंनी बर्मिंगहॅमला लेकीकडं येताना काय काय आणू विचारलंय त्यांना: तूप, खवा, पेढे घरीच ठेवा, दुधाचं काही विमानतळावर चालत नाही. कारळाची आणि जवसाची चटणी बिनधास्त आणा. पिशवी मात्र दुहेरी घाला, तेल सुटतं.